अर्धी गोळी

सरकारी व्यसनमुक्ती केंद्रात नशेच्या सुईऐवजी जिभेखाली ठेवायची गोळी रोज मिळे. कोणी ती लपवून विकू नये म्हणून परिचारिका मोनाली गोळी कुटून पूड देई, विरघळेपर्यंत समोर बसवून ठेवी. शासनाचा निधी रखडला, साठा आटला, तेव्हा तिने कोणालाही न सांगता प्रत्येकासाठी अर्धीच गोळी कुटली. पुडीवरून कोणाला कळणार? तिसऱ्या आठवड्यात पाचोऱ्याचा हमाल हितेंद्र यायचा थांबला. निधी सुटून काल साठा आला, आज हितेंद्रही आला. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. “परत सुई?” तिने विचारलं. “तुमनी दवाई बराबर व्हती, ताई. मीच कच्चा निघनू.” खरं काय ते ओठांवर आलं, पण बाकावर आणखी अकरा जण होते. तिने अख्खी गोळी कुटून दिली. “आज जास्तच कडू लागस,” तो म्हणाला. “भाऊ, विरघळेपर्यंत बोलायचं नसतं.”