बंदर गोदाम

बसा हो, चहा येतोय. तोवर मलकपेठच्या बंदर गोदामाची गोष्ट ऐका. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं जमायचं नाही.

हैदराबादेत बंदर कुठून आलं, म्हणाल. नाहीच. मुसी नदीतून काय जहाजं येतात? पार तिकडं मच्छलीपट्टणच्या बंदरावरून वॅगनी भरून मीठ यायचं, ते इथं उतरायचं. म्हणून बंदर गोदाम. आता तिथं हॉटेल झालंय, वर लग्नाचा हॉल. अन् दारात काय बसवलंय? माकड! माणसाएवढं, सिमेंटचं, हातात ट्रे घेतलेलं.

गौतम तिथं पोरीच्या साखरपुड्यासाठी हॉल बघायला आला. त्याच्या मनात नव्हतं, पण जागा व्याह्यांनी पसंत केलेली. व्याही म्हणजे तारनाक्याचे नागसेनराव, रेल्वेतून रिटायर. गौतमचा म्हातारा श्रीपती म्हणाला, "मी पण येतो. एकदा बघतो आतून." श्रीपतीनं उभी उमर ह्याच गोदामात पाठीवर मिठाची पोती वाहिली. व्याह्यांना मात्र गौतमनं सांगून ठेवलेलं, आमचे बाबा रेल्वेत होते.

मॅनेजर पोरगा मोठा हौशी. माकडाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "पुराने जमाने में गोदाम में बंदराँ घुसते थे साब. इसलिए बंदर गोदाम."

नागसेनराव खदाखदा हसले. "म्हणजे माकडांचं गोदाम! वा रे वा!"

"अहो, बंदर म्हंजे..." श्रीपतीनं तोंड उघडलं.

गौतमनं त्याचं कोपर दाबलं. "बाबा, पाय दुखतील. बसा तुम्ही."

गौतमला शाळेत पोरं 'बंदर का बच्चा' म्हणायची, नारायणगुड्याला. माकडासारखा आवाज काढायची मागून. ते त्याच्या अंगातून गेलंच नव्हतं.

म्हातारा बसला नाही. आत गेला. आत भिंतीचा नवा रंग गुडघ्यापर्यंत फुगून सोललेला.

मॅनेजर शरमला. "कितने बार कलर मारे साब. फिर भी अंदर से सफेद पावडर निकलता. कैकू की, मालूम नै."

श्रीपतीनं भिंतीला बोट टेकवलं, जिभेला लावलं. डोळे मिटून उभा राहिला.

"दादा, आप यहाँ काम करते थे क्या?"

नागसेनरावांनी वळून बघितलं. गौतमच्या कपाळावर घाम.

म्हाताऱ्यानं गौतमच्या तोंडाकडं बघितलं. मग बोट सदऱ्याला पुसलं. "नै बाबा. हम रेल्वे में थे."

"आं! कुठल्या खात्यात, आबा?" नागसेनराव खुश.

"गुड्समध्ये. माल उतरायचा ना, ते बघायचो."

"घ्या! म्हणजे आमच्याच घरचे की तुम्ही!"

निघताना माकडाशेजारी फोटो काढायचं ठरलं. म्हाताऱ्याला मधे उभं केलं. त्यानं टोपी नीट केली. मॅनेजर मोबाइल धरून म्हणाला, "दादा, हसो जरा." हसला बिचारा.

"अहो, गौतमराव कुठं गेले?" नागसेनरावांनी हाक मारली.

गौतम आत भिंतीपाशी होता. पाठमोरा. बोट तोंडात, लहान पोरासारखं.

तुम्ही जाल तिकडं कधी जेवायला, नाही असं नाही. एक करा. भिंतीला बोट लावून चाखून बघा. अन् खारट लागलं तर गप नका बसू हो. मोठ्यानं बोला.