एकतीस गुण

डोळखांबहून येणाऱ्या एसटीतून मीना बापाला घेऊन शहापूरला उतरली, तेव्हा कमळूची तब्येत रोजच्यासारखीच होती. तो दहा पावलं चालायचा, थांबायचा, उगाच दुकानांकडे बघत राहायचा, पुन्हा चालायचा. हृदयाच्या मोफत ऑपरेशनसाठी मुंबईच्या दवाखान्याने पिवळं रेशनकार्ड मागितलं होतं, आणि गरिबांच्या नव्या यादीतून कमळूचं नाव गळलं होतं.

कचेरीत त्यांच्याच पाड्यातली माणसं रांगेत होती. त्यांचीही नावं गेली होती.

"कमळूदादा, श्रीमंत झालास म्हणं," शेजारचा देवराम म्हणाला. "चहा तरी पाज."

"तू बी झालास ना? तूच पाज." कमळू हसला आणि हसता हसता त्याला दम लागला.

खिडकीआडच्या कारकुनाने नाव टाइप केलं. "एकतीस गुण. जितके गुण कमी, तितका माणूस गरीब. वीसच्या वर गेला की कॉम्प्युटर नाव काढून टाकतो."

कमळू आवाज लहान करून बोलला, जणू ते यंत्र ऐकत होतं. "साहेब, तुमी माझ्याकडं बघा ना."

"मी बघून काय होणार? मला त्यात हात घालता येत नाही." कारकुनाने पडदा जरा वळवला. "हे बघा. वर्षभर दोन वेळ पोटभर जेवण. तुम्हीच सांगितलंय."

सांगितलं होतं. पाहणीला आलेले साहेब घरात घोंगडीवर बसले होते. त्यांनी जेवणाचं विचारलं, आणि घरी आलेल्या माणसापुढे पाड्यात कोणी भूक बोलून दाखवत नाही. "मिळतं की," कमळू म्हणाला होता, "तुमीबी बसा जेवायला." एकवीस घरांत हेच उत्तर. अक्षर चांगलं म्हणून साहेबांनी फॉर्म भरायला मीनालाच सोबत घेतलं होतं. बाप बघत होता. तिने दोन वेळच्या रकान्यात खूण केली.

"एक वाट आहे," कारकून म्हणाला. "ज्याने फॉर्म भरला त्याने लिहून द्यायचं, की चुकीचं भरलं. मग फेरतपासणी. आता, खोटी माहिती भरली म्हणून त्याच्यावर केसही होऊ शकते. कोणी भरला होता?"

देवरामने मीनाकडे पाहिलं आणि मान वळवली. तिच्या मनगटावर बापाची बोटं घट्ट झाली.

"ध्यानात नाय साहेब," कमळू म्हणाला. "चल गो. सोमवारी येऊ."

परतताना तो एसटीत तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी मीनाची आई, बारकी, नवऱ्याला उठवायला गेली. तो उठला नाही.

सोमवारी सुतक फिटलं नव्हतं. पण हरकत घ्यायची ती शेवटची तारीख होती. मीना एकटीच रांगेत उभी राहिली. कारकुनाने तिला ओळखलं.

"बाबा नाही आले?"

"गेले."

त्याने हातातला शिक्का खाली ठेवला. "मग आता अर्ज कशाला, बाई?"

"आई आहे." मागे देवराम होता, पाड्यातली बाकीची माणसं होती, आणि दाराशी एक पोलीस कोणाशी तरी बोलत उभा होता. तिने खिडकीचा गज धरला.

"एकवीसही फॉर्म मी भरले," ती म्हणाली. "आमच्या घरात दिवसातून एकच वेळ जेवण होत होतं. रात्री आमी पाणी पिऊन निजायचो. मला माहीत होतं. लिहून घ्या."