निरोगी नमुना

"नळ्या बदलल्यास तू, ब्योल. दुसरं काय असणार!" हेसुकबाईंनी कागद मदतनीस पोरीपुढे टेबलावर आपटला.

आजारी रक्ताचे पाचही नमुने झकास आले होते. विषाणूचे दात पाडायचे, त्याच्यावर एक संदेश लादायचा, मग तो पेशीत शिरून बिघडलेल्या जनुकाचं तोंड बंद करतो. देजॉनच्या या प्रयोगशाळेत नऊ वर्षं हाच उद्योग चालला होता. पण शेजारी तुलनेला ठेवलेल्या निरोगी माणसाच्या नमुन्यात त्या जनुकातून बनणाऱ्या वाईट प्रथिनाचा लवलेशही नको, आणि नेमकं तिथेच ते भरभरून दिसत होतं. असा अहवाल शुक्रवारी समितीपुढे गेला, की औषध माणसांना द्यायची परवानगी वर्षभर लांबली.

वर्ष!

याच आजारानं त्यांचा नवरा गेला होता. आधी हात आपोआप नाचू लागले, मग बोलणं गेलं, शेवटी तो बायकोलाही ओळखेना. त्याला मोक्पोला नणंदेकडे ठेवून बाईंनी सगळ्यांना सांगितलं, मेंदूला झटका आला. लेकीलाही तेच सांगितलं. हा आजार बापाकडून लेकराला येण्याची शक्यता निम्मी, मग असल्या घरातली मुलगी कोण करून घेणार? तपासणीचं त्यांनी नावच काढलं नाही. त्यापेक्षा औषधच तयार ठेवू, म्हणून त्या झिजत होत्या. पुढच्या महिन्यात लेकीचं, दाओनचं, लग्न होतं. पोर आनंदानं बागडत होती आणि आईचा जीव तीळतीळ तुटत होता.

"बोल ना!"

"बदलल्या असतील नळ्या," ब्योल खाली बघत म्हणाली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. "माझीच चूक म्हणा, मॅडम. काढून टाका मला."

"अगं, कालपर्यंत छाती ठोकून भांडत होतीस, आज काय झालं? आणि काल तिसऱ्यांदा केलंस तेव्हा मी स्वतः उभी होते. नळ्या नाही बदलल्या." बाई थबकल्या. "रक्तच आजारी माणसाचं आहे. रजिस्टरात आपल्या पहारेकरी नामकाकांचं नाव आहे. त्यांचंच घेतलंस ना?"

"ते आलेच नाहीत त्या दिवशी."

हेसुकबाईंना एकदम हायसं वाटलं. कितीतरी दिवसांनी त्या हसल्या. "हात्तिच्या! मग आधी नाही का सांगायचं, वेडाबाई? उद्या दुसऱ्या कुणाचं घेऊ, शुक्रवार गाठू. औषध चालतंय गं आपलं!" मग त्यांचा आवाज उतरला. "पण ज्याचं आहे त्याला सांगावं लागेल. बिचारा. घरी कुणी असेल त्याच्या. कोण आहे?"

"नको ना, मॅडम."

"ब्योल. कोण आहे?"

"मला सर्दी झालेली, माझं रक्त चालत नव्हतं. तुम्ही मीटिंगमध्ये होतात, त्या बाहेर तुमची वाट बघत होत्या. मी रडकुंडीला आलेली बघून त्यांनीच बाही वर केली." ब्योलला हुंदका आवरेना. "मी विचारलं हो, नियमाप्रमाणे, घरात कुणाला हा आजार होता का. तर दाओनताई हसल्या. म्हणाल्या, ‘छे गं! असतं तर आईनं सांगितलं नसतं का मला?’"