गवताचा पट्टा

तिने बाटली भरून उजेडात धरली आणि काकांना हायसं वाटलं. पाणी गढूळ होतं, चांगलं चहासारखं. म्हणजे पुढच्या मोठ्या पावसानंतरही पोरगी येणार.

ती पाणी तपासणाऱ्या खात्यात होती. जोराचा पाऊस झाला की शेतातून ओढ्यात उतरणारं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत न्यायचं, हे तिचं काम. काकांचं कोबीचं शेत उतारावर, ओढ्याला अगदी लागून. त्यामुळे इथे ती हमखास यायची. पायरीवर बसून चहा प्यायची, सासूच्या नकला करायची, काकांना हक्काने रागवायची. एरवी त्या घरात बोलायला होतं कोण? बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा फोन करायचा, तब्येत विचारून ठेवून द्यायचा. दिवसदिवस न बोलल्यामुळे ती आली की काकांचे पहिले शब्द घशातच अडकायचे.

ती दर वेळी तेच समजावायची. फवारलेलं औषध मातीला चिकटून बसतं, पावसाने माती सुटली की औषधही तिच्याबरोबर ओढ्यात जातं. शेताच्या खालच्या कडेला गवताचा रुंद पट्टा ठेवा, माती तिथेच अडेल. तिने स्वतः गवताचे ठोंब आणून लावले होते, तेही दोनदा. पण गवत काही टिकत नव्हतं. जमिनीतच खोट असणार, असं ती म्हणायची.

जमिनीत कसली आलीय खोट! गवताने मूळ धरलं की काकाच ते कुदळीने उपटून टाकत. पाणी सारखं स्वच्छ आलं की त्या शेताची तपासणी थांबते, हे तिनेच एकदा बोलण्याच्या भरात सांगितलं होतं. काकांनी ते बरोबर ध्यानात ठेवलं. थोडी माती गेली तर गेली, ओढा काय वाहतोच आहे, अशी मनाची समजूत घालून ते मोकळे झाले होते.

त्या दिवशी चहा पिता पिता तिने सांगितलं, की नवऱ्याची बदली झाली, घर हलवलं. हाच ओढा खाली ज्या गावातून जातो, तिथे. इथून दोन बस बदलाव्या लागतात. मग पोटावर हात ठेवून लाजली. काकांना आनंद झाला. तिकडे पाण्याची सोय काय, असं त्यांनी सहज विचारलं.

"तुमचाच ओढा की," ती हसत म्हणाली. "तपासते मीच आणि पितेही मीच. दुसरं पाणी आहे कुठे? आणि डॉक्टर म्हणतात, भरपूर पाणी पी."

काकांची नजर शेताच्या उघड्या कडेकडे गेली.

ती गेल्यावर त्यांनी कुदळ उचलली. रस्त्याकडेचं गवत मातीच्या ढेकळांसकट खणून आणलं आणि शेताच्या कडेला दाबून बसवलं. कंबर धरली, तरी पट्टा पुरा केला. पुढच्या पावसात पाणी जरा निवळलं, नंतरच्या पावसांत स्वच्छच येऊ लागलं.

पावसाळा सरता सरता ती आली तेव्हा तिला वाकवत नव्हतं. बाटली काकांनीच भरून दिली. तिच्यातून आरपार दिसत होतं.

"काका, जमलं की! आता इथली तपासणी बंद." मग तिचा आवाज उतरला. "म्हणजे माझं येणंही बंदच."

काकांचा जीव तुटला. बाळाला घेऊन ये, निदान एकदा तरी, हे अगदी ओठांवर आलं होतं.

"नाही आलीस तरी चालेल, पोरी," ते म्हणाले. "पाणी पोटभर पी."