नावाडीकाकांच्या पश्चात

“नावाडीकाकांना मारा,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फाइल मिटली.

समोर लेखिका बसली होती. नावाडीकाका तिनेच लिहिलेले. कंपनीच्या ऑनलाइन खेळात जो कुणी नवा येई, त्याला काका होडीतून नदीपार नेत. वाटेत त्याची फिरकी घेत आणि त्यानं घाई केली की म्हणत, “पलीकडचा काठ काय पळून चाललाय?” एके काळी या वाक्यासाठी लोक मुद्दाम घाई करत. आता खेळाला उतरती कळा लागली होती. दिवसाकाठी मोजके लोक फिरकायचे. ते कोण, हे विचारायच्या भानगडीत ऑफिसात कुणी पडत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. यजमान गेल्यापासून कंपनीचा गाडा त्या एकट्या ओढत होत्या आणि हा खेळ म्हणजे पांढरा हत्ती झाला होता. काकांच्या मरणावर लोक हळहळले तर खेळ चालू राहील. कुणी टिपूस गाळलं नाही, तर महिनाअखेरीला टाळं.

“लोकांना रडवायचंय. जमेल?”

“जमवते,” लेखिका म्हणाली.

ती हात धुऊन कामाच्या मागे लागली. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पुरात अडकलेल्या प्रवाशाला काठावर ढकलून काका होडीसकट वाहून गेले. चित्रकारानं तो पूर रंगवला आणि पुढे दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. हिशेब बघणाऱ्या मावशींना खेळातलं ओ की ठो कळत नसे, असं त्या स्वतःच सांगत. त्यांनीही जेवताना विचारलं, की काकांना पोहता येत नव्हतं का.

प्रसंग खेळात गेला. चाहत्यांच्या चर्चेचं पान उघडून लेखिका दिवसभर बसली. चिटपाखरू फिरकलं नाही.

हा खेळ बंद पडू द्यायचा नाही, एवढं तिनं त्या संध्याकाळी ठरवून टाकलं. ‘वाटसरू’ असं खोटं नाव घेतलं आणि स्वतःच लिहिलं, की काकांशिवाय नदी ओलांडायला मन होत नाही. लिहिताना लाज वाटली. पण बुडत्याला काडीचा आधार.

सकाळी पाहते तर खाली उत्तर आलेलं. कुणी खलाशी होता. खऱ्या समुद्रावर आपण कधी घाबरलो नाही, पण काकांची रिकामी नदी बघवत नाही म्हणाला. दुपारी एक आजी आल्या. नातवाला आता काय सांगू, असं त्यांनी विचारलं होतं. आणि मग ‘जागरण’ नावानं कुणीतरी लिहिलं:

“दवाखान्यात उशाशी बसून मी कितीतरी रात्री काढल्या. फोनवर काकांच्या होडीत बसायची. उतरायचंच नाही, नुसतं इकडून तिकडे. काका कधी म्हणाले नाहीत, की आता उतरा. तेव्हा रडायला सवड नव्हती. आज रडले.”

लेखिका टेबलावर डोकं टेकून हमसून रडली. सगळ्यांनी त्या बाईला नर्स ठरवून ‘सिस्टर’ म्हणायला सुरुवात केली आणि तिनंही ते नाकारलं नाही. खलाशी चिडला की सिस्टर त्याची समजूत घालायची. आजी गप्प झाल्या की चौकशी करायची. एकदा तिनं लिहिलं, की काकांना लिहिणारं माणूस कुणाला भेटलं तर सांगा, फार चांगलं मरण दिलंत. त्या एका वाक्यावर लेखिकेचं आयुष्यभराचं पोट भरलं. तिनं वाटसरूला कायमची रजा दिली. खरी माणसं आली होती, आता खोट्याचं काय काम?

महिनाअखेरीला बाईंनी सगळ्यांना बोलावलं. त्यांचा आवाज घोगरा होता, सर्दी झाली म्हणाल्या. लोक हळहळले, खेळ चालू राहील, एवढं बोलून त्या उठायला लागल्या. मावशींनी देवाचे आभार मानले.

लेखिका मात्र बसून राहिली. या माणसांनी आपल्याला वाचवलं, तेव्हा प्रत्येकाला काकांचं चित्र घरी पाठवायचं, असं तिनं सुचवलं. चित्रकार म्हणाला, उगाच कशाला. मावशींनी टपालखर्च काढला. बाईंनी तर तोडूनच टाकलं, लोकांना शांतपणे रडू द्यावं.

लेखिका हट्टाला पेटली. आपलं पितळ उघडं पडेल हे तिला कळत होतं. पडू दे. सिस्टरचे आभार मानल्याशिवाय ती हलणार नव्हती.

“त्यातला वाटसरू मीच आहे, तेवढा वगळा,” ती म्हणाली. आश्चर्य म्हणजे कुणीच रागावलं नाही.

बाहेरून कामाला येणारा सर्व्हरवाला कोपऱ्यात वायरी जोडत होता. कोण कुठल्या गावाहून लिहितं ते बघ, असं तिनं त्याला सांगितलं. बाई नको म्हणेपर्यंत त्याची बोटं चालूही झाली होती.

“गाव कसलं?” तो म्हणाला. “हे सगळं याच इमारतीतून लिहिलंय.”

चित्रकार खिडकीबाहेर बघू लागला. मावशींनी चष्मा पुसायला घेतला.

“सगळं?” लेखिकेनं विचारलं. “सिस्टरचंसुद्धा?”

“नाही. ती एकटी बाहेरची.”

लेखिकेच्या जिवात जीव आला. एवढ्या मोठ्या जगात एक तरी खरी निघाली. “कुठली आहे?”

सर्व्हरवाल्यानं पडद्याकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि मान वळवली.

“बाई, हे तर तुमच्या घरचं कनेक्शन. मीच नाही का जोडून दिलं?”