शिंप्याचा उजवा हात

शिंप्याच्या खांद्याचं ऑपरेशन होतं. उजव्या हाताला भूल देण्याआधी डॉक्टर म्हणाले होते, "क्वचित सुईने नसेला इजा होते, हात लुळा पडू शकतो." त्याने नेमकं तेवढंच डोक्यात ठेवलं.

गुंगी उतरताच त्याने डाव्या हाताने शालीखाली चाचपून पाहिलं. बोटं लागली. त्याने ती कुरवाळली, तळव्याला गुदगुल्या केल्या, पुन्हा हळूच कुरवाळली.

काही नाही. दगड.

"मेलो! आता कात्री कोण धरणार? सुईवर जगलो आणि सुईनेच घात केला!"

बायको खाटेला खेटून बसली होती. एरवी एका वाक्याला चार वाक्यं परत करणारी बाई, आज चक्क गप्प.

"अहो, भूल उतरायला वेळ लागतो," डॉक्टर दारातूनच म्हणाले. "जोरात चिमटा काढा बरं."

त्याने दातओठ खाऊन काढला. "बघा! काही म्हणजे काही कळत नाही!"



"कुरवाळत होतात तोवर म्हटलं चालू दे," बायको कळवळून ओरडली, "पण चिमटा? अहो, तुमचा हात गळ्यात बांधलाय, हा माझा आहे!"