हो म्हणेपर्यंत

म्हाताऱ्यानं दार उघडलं आणि कोण, कुठले, काही न विचारता म्हणाला, "या. चपला राहू द्या पायात."

पाहुण्याच्या पिशवीत पाना होता, नळाच्या दोन चकत्या होत्या आणि तळाला फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल. नळदुरुस्तीवाला म्हणून वर आलेला हा धाकटा, आणि खाली गाडीत बसलेला त्याच्या बहिणीचा नवरा, दाजी. सुपारी दोघं मिळून घेत. पण धाकट्याचा एक नियम होता. समोरच्याला नाव घेऊन विचारायचं, आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं 'हो, मीच' म्हटलं तरच पुढचं. चुकून भलत्याचं रक्त हाताला लागू नये. दाजी हसायचा, पण आजवर नियम मोडला नव्हता.

धाकट्यानं नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. "तुम्हीच ना?"

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. त्यानं आतल्या खोलीकडे पाहिलं.

"हळू बोला. तो आत असेल."

"कोण?"

"तुम्ही नाव घेतलंत तो. फार वाईट माणूस."

सोंग, धाकट्याला वाटलं. वेळ आली की माणसं बहिरी होतात, मुकी होतात, स्वतःचेच जुळे भाऊ होतात. त्यानं सगळं पाहिलं होतं. त्यानं खिशातला फोटो पुढे धरला. म्हाताऱ्यानं तो लांब नेला, जवळ आणला.

"हाच. मिशा बघा कशा ठेवल्यात." फोटोतलं वाकडं नाक जसंच्या तसं म्हाताऱ्याच्या तोंडावर होतं. मिशा तेवढ्या नव्हत्या.

धाकटा बसला, लगेच उठला. नळ सोडून बघितला, बंद केला. कपाटांवर ठळक अक्षरांत चिठ्ठ्या होत्या. 'इथे कपडे.' 'इथे औषधं, हात लावू नका.' दाराच्या आतल्या बाजूला, 'बाबा, बाहेर जाऊ नका. मी चारला येते.' भिंतीवरच्या आरशावर चादर टाकून ती चारी कोपऱ्यांना खिळ्यांनी ठोकली होती.

"हे कशाला?"

"तिथं दिसायचा तो," म्हातारा म्हणाला. "पोरीला सांगितलं तेव्हा तिनं झाकलं."

धाकट्यानं एक खिळा चाचपून पाहिला. एवढं सोंग कुणी खिळ्यांनी ठोकत नाही.

"काय केलं त्यानं?" त्यानं विचारलं. त्याला ठाऊक होतं. सुपारी देणाऱ्या चार बायकांनी आपापल्या तोंडानं सांगितलं होतं.

"कारखान्यात रंगाच्या टाकीत माणसं उतरवली. आत वायू साठलाय हे माहीत होतं त्याला. उतरा म्हणाला, काही होत नाही. पहिला वर आला नाही, तर दुसऱ्याला पाठवलं, बघून ये म्हणून. मग तिसरा." म्हाताऱ्यानं चौथं बोट मुठीत घट्ट धरलं. "चौथा नको म्हणत होता. त्याला ढकललं. आणि कागदावर लिहिलं, चौघंही प्यायलेले होते."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी तिथंच होतो ना." त्याचे डोळे भरून आले. "सगळं बघितलं. एक शब्द बोललो नाही."

धाकट्याचा हात पिशवीत गेला, पान्यावरून खाली सरकला आणि तसाच थांबला.

"तुम्ही त्याला शोधायला आलात का?" म्हातारा जवळ सरकला. "सापडला तर सोडू नका. माझी काळजी करू नका, मी कुणाला सांगणार नाही."

पुन्हा विचारावं म्हणून धाकट्यानं तोंड उघडलं. पुन्हा नाव घेतलं. म्हातारा धाकट्याच्या बाहीला धरून राहिला. म्हाताऱ्याच्या अंगातल्या सदऱ्याची बटणं एकेक घर चुकली होती.

खिशात फोन थरथरला.

"आटपलं का?" दाजी.

"होत नाही."

"का? माणूस नाही घरात?"

"माणूस आहे. पण तो हो म्हणत नाही. त्याला आठवतच नाही, आपण कोण ते."

"तुला शाळामास्तर करायला हवं होतं, हजेरी घेत बसला असतास," दाजी म्हणाला. "अरे, त्याला आठवत नाही. त्या बायकांना आठवतं ना? त्यांना काय सांगू? तुमच्या नवऱ्यांना मारलं ते विसरला बिचारा, म्हणून सोडून दिला?"

धाकट्यानं बाहीवरच्या म्हाताऱ्याच्या हाताकडे पाहिलं.

"तू राहू दे," दाजी म्हणाला. "मी येतो वर. माझा काही नियम नाही."

"दाजी, नको."

फोन बंद झाला होता. गाडीचं दार आपटल्याचा आवाज खिडकीतून आला. सव्वातीन वाजले होते.

धाकट्यानं खुर्ची ओढून दाराला टेकवली. पिशवी उलटी केली. पाना खाली पडला, चकत्या घरंगळल्या. त्यानं फडकं सोडलं आणि पिस्तूल हातात घेऊन दाराकडे तोंड करून उभा राहिला. समोरून बहिणीचा नवरा येणार होता. पाठीमागे तो माणूस होता, ज्यानं चौघांना टाकीत घातलं होतं.

"बाबा, तुम्ही आत जा."

म्हातारा गेला नाही. जिन्यावर पावलं वाजू लागली, एकेक पायरी, सावकाश. तशी त्यानं हळूच येऊन धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नका," तो कानाशी म्हणाला. "मी आहे."